आतोबांचं मराठी कपाट

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी, उज्जैनमध्ये मराठी वाचकांची अख्खी फौज उभी केली होती. फौजेत माणूस मात्र एकच, ते स्वतः. ग्वाल्हेर संस्थानात ते नोकरीला लागले, त्याच खुर्चीत बसल्या बसल्या मध्यभारताचे नोकर झाले, आणि आता तिसरं सरकार येणार म्हणून सगळं ऑफिस हवालदिल झालेलं असताना यांना घोर एकच: फ्रीगंजमधल्या पुस्तकांच्या दुकानातलं मराठी कपाट राहतं की जातं! दुकानाचे शेठजी भले गृहस्थ, पण शेवटी व्यापारी. "मराठी अब कौन पूछता है? कुंजियाँ रख दूँगा," म्हणजे तिथे परीक्षेची गाइडं भरीन, असं ते एकदा बोलून गेले आणि आतोबांच्या तोंडची चवच गेली.

मी तेव्हा इंदूरच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. शनिवारी गाडीनं आत्याकडे यायचं आणि रविवारी आतोबांबरोबर पुस्तकांची दुकानं पालथी घालायची, हा माझा शिरस्ता. पाहुण्यांना लोक महाकाळाला नेतात. आतोबा देवास गेटच्या पुस्तकांच्या दुकानांपासून सुरुवात करत. दुकानात शिरले की पुस्तक उघडून आधी नाकाला लावायचं, मग मागे दडपलेली मराठी पुस्तकं हळूच पुढे आणून ठेवायची. पण शेठजींच्या त्या बोलण्यानंतर एवढ्यानं भागेना.

"हे बघ, तू एकदम अनोळखी बन," दुकानाच्या अलीकडे थांबून ते मला म्हणाले. "आत जा आणि मराठी पुस्तक माग. थोड्या वेळानं मी येतो आणि तेच मागतो. मागणी असली की माल येतो."

"पण आतोबा, हे खोटं नाही का?"

"खोटं कशाचं? आपण सच्ची मागणीच तर करून राहिलो!"

मी घाबरत आत गेले आणि पुस्तकाचं नाव ठरवायचं राहून गेल्यामुळे तोंडाला येईल ते मागितलं: मधमाश्या पाळण्याविषयीचं मराठी पुस्तक. दाराशी कान देऊन उभे असलेले आतोबा मागोमाग आले. ओळख पटू नये म्हणून त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली होती. गावात हाक मारली तर शिप्रा नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनीही मधमाश्याच मागितल्या. पुढच्या रविवारी पुन्हा मागितल्या. अखेर शेठजींनी पुण्याहून गठ्ठाच मागवला! आतोबा शब्दाचे पक्के, त्यांनी तो सगळा उचलला. त्या वर्षी उज्जैनच्या मराठी घरांत जेवढ्या मुंजी झाल्या, तेवढ्या बटूंना भिक्षावळीत मधमाश्या मिळाल्या. आत्यानं कपाळाला हात लावला, पण कपाट वाचलं. आपल्या भाषेसाठी कुणी भांडतं, कुणी भाषणं करतं. हा माणूस नुसता गिऱ्हाईक झाला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि आतोबांची बदलीही तिकडेच झाली. निघताना स्टेशनवर सामान मोजायचं सोडून ते मला म्हणत होते, "कपाटाकडे ध्यान ठेव, बरं का."

म्हणून एका रविवारी मी एकटीच उज्जैनला उतरले आणि फ्रीगंज गाठलं. कपाट जागेवर होतं. मी सवयीनं, अनोळखी चेहरा करून, एक मराठी पुस्तक मागितलं. शेठजी हसले.

"बहनजी, फूफाजी तो भोपाल गए। अब किसके लिए पूछ रही हो?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. "आतोबा आणि मी एकच, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहले दिन से। टोपी तो जेब से लटक रही थी।"

"मग पुस्तकं मागवलीत कशाला?"

शेठजींनी उपरण्यानं कपाटाची काच पुसली. "इतने शौक से कोई माँगने आए, उसे मना कैसे करें?" मग म्हणाले, "उनसे कहना, कभी इतवार को आ जाएँ। भले खरीदें नहीं, बस पूछ जाएँ।"

मी पुढचं पुस्तक उचललं, कोणतं ते न बघताच नाकाला लावलं, आणि मला डोळे पुसता यावेत म्हणून शेठजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं.