सात नंबरचा काटा

भिकन शिंदखेड्याचा. त्याचे वडील कौतिकआबा तिथल्या कापूस बाजारात मापाडी होते. मी मोतीलाल, धुळ्याच्या देवपुरातला. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे १९८५ साली दोघेही परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात कामाला लागलो आणि तिथल्या हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो. केंद्राचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही.

मी दोन वर्षांत कायम झालो. भिकन मात्र हंगामीच राहिला. दर एप्रिलला नव्या कागदावर सही करायचा. १९८८ च्या पावसाळ्यात त्याला सांगण्यात आलं की येत्या एप्रिलला त्याचं कायमचं पत्र निघेल. भडगावचं एक स्थळ त्या पत्रासाठी थांबलेलं होतं. मुलीच्या वडिलांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

आमचं काम किरणोत्सर्ग मोजण्याचं. ऐकायला मोठं वाटतं, करायला तसं नव्हतं. लांब कॉरिडॉरमध्ये भिंतीवर डबे बसवलेले होते. प्रत्येक डबा पलीकडच्या खोलीत किरणोत्सर्ग किती आहे ते काट्यावर दाखवायचा. आम्ही दर तासाला फिरून काटे वाचायचे आणि वहीत आकडा लिहून सही करायची. आकडा वाढला तर धावपळ व्हायची. कमी असला तर कोणी विचारत नसे.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही डब्यांची पूजा केली. खंडेनवमीला हातातल्या हत्याराची पूजा करायची हे आमच्याकडे ठरलेलं. शेतकरी नांगराची करतो, मापाडी काट्याची. आमचं हत्यार म्हणजे ते डबे. फोरमन रतिलाल गुजरातचा. त्याने नारळ आणला. झेंडूचे हार भिकनने आणले. सात नंबरच्या डब्यावर हार अडकवायला खिळा नव्हता. मी स्टुलावर चढलो आणि हाराचा दोरा डब्यामागून येणाऱ्या केबलला बांधला. हार ओला होता, वजनदार होता. त्या वजनाने केबलचा प्लग सुटला असावा. मला तेव्हा दिसलं नाही. मी खाली उतरलो आणि आम्ही पेढे खाल्ले.

प्लग सुटला की डब्यावर लाल दिवा लागतो. पण सात नंबरचा दिवा महिन्यापूर्वीच उडाला होता. नव्या दिव्यासाठी चिठ्ठी गेली होती, दिवा आला नव्हता. काटा पहिल्या रेषेवर जाऊन बसला. एरवी तो त्या रेषेच्या किंचित वर असायचा. फरक एवढासा. आम्ही पहिल्या रेषेचा आकडा लिहिला. तिन्ही पाळ्यांनी लिहिला. दसऱ्याच्या दिवशीही लिहिला.

तिसऱ्या दिवशी आमची दुपारची पाळी होती. सात नंबरच्या पलीकडे पंपाची खोली होती आणि तिथे बारा मजूर आत जायचे होते. बहुतेक आपल्याकडचेच, शिरपूर-शिंदखेड्याकडचे. त्यांचा मुकादम तोताराम. खोली सकाळी हातातला मीटर घेऊन तपासलेली होती. त्यानंतर दिवसभर भरवसा भिंतीवरच्या काट्याचा. मी काटा वाचून वहीत आकडा टाकला. भिकन माझ्या मागे उभा होता. त्याने पुढे होऊन काचेवर बोटाने टकटक केलं. मग पुन्हा केलं.

"काय रे?" मी विचारलं.

"काटा हालत नही."

"न हलला तर बरंच ना?"

"आबा मारतीन माले," तो म्हणाला. "रिकाम्या काट्याले बोट लावानं. हालीसन परत जागावर उना तं काटा जित्ता. नही हालना तं त्यावर कापूस चढावानाच नही. जित्ता काटा थोडा तरी थरथरस, मोती. हाऊ मरी गया शे."

एवढं बोलून त्याने पंपाच्या खोलीच्या दाराला आडवी साखळी लावली.

तोताराम माणसं घेऊन आला. साखळी बघून हसला. "भिकनभाऊ, आम्ही काय कापूस शेतस का, मोजाले?"

"मोजाले काटा नही म्हनीसनच थांब म्हनस. बठ, बिडी पी."

"बिडी इठे चालत नही."

"मंग नुसता बठ."

पाच मिनिटांत रतिलाल आला. काम एका दिवसात संपवायचं असं वरून आलेलं होतं. तो चिडला. "अरे भिकन, आखा पंप तेरे वास्ते रुकेगा क्या? सुबह चेक हुआ है ना?"

"सुबह का सुबह. अभी का कौन बोलेगा?" भिकन म्हणाला. त्याने साखळी काढली नाही.

हातातला मीटर दुसऱ्या इमारतीत होता. तो यायला आणि खोली तपासायला चार तास गेले. तेवढ्यात भिकनने डब्यामागे हात घातला, तेव्हा सुटलेला प्लग हाताला लागला. हार अजून तिथेच लोंबत होता, फुलं काळपट पडली होती.

खोलीत काही नव्हतं. नेहमीचाच आकडा आला. मजुरांनी रात्रपाळीत काम केलं आणि पंप एक दिवस उशिरा सुरू झाला.

हे इथे संपलं असतं. पण भिकनने वही उघडली आणि लिहिलं: "सात नंबरचा काटा खंडेनवमीपासून मेलेला होता. या काळातल्या माझ्या नोंदी खोट्या समजाव्यात. मी काटा वाचला, पाहिला नाही." खाली सही केली.

रतिलालने ते वाचून कपाळावर हात मारला. "तू अकेला काय को लिखता है? सबने वही लिखा है."

"बाकी का बाकी लोग लिखेंगे," भिकन म्हणाला आणि वही माझ्याकडे सरकवली.

मी ती बंद करून कपाटात ठेवली.

चौकशी झाली. तीन साहेब बसले होते. केबलला हार कोणी बांधला असं त्यांनी भिकनला विचारलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तो म्हणाला, "पूजा सगळ्यांनी केली, साहेब. हार मी आणले होते." मला त्यांनी विचारलं तेव्हा मीही म्हणालो, पूजा सगळ्यांनी केली. दोन्ही उत्तरं सारखीच लिहिली गेली.

सात नंबरला नवा दिवा त्याच आठवड्यात बसला. डब्यांना हार घालायचे नाहीत असा कागद लागला. एप्रिलमध्ये भिकनचं पत्र निघालं नाही, आणि नवा कागदही सहीला आला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. हंगामी माणसाला ते सांगावं लागत नाही. भडगावचं स्थळ गेलं. तो ट्रंक घेऊन ताप्ती लाइनच्या गाडीने शिंदखेड्याला परत गेला.

मी नोकरीत राहिलो.

१९९६ साली एका लग्नाला शिंदखेड्याला गेलो, तेव्हा त्याला भेटलो. तो आबांच्या जागी मापाडी झाला होता. त्याचंही लग्न झालं होतं. त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, काट्यापाशीच चहा आणून दिला. भिकन गाड्यांमागून गाड्या मोजत होता, प्रत्येक गाडीआधी रिकाम्या काट्याला बोट लावत होता. शेतकरी त्याच्या बोटाकडे बघत उभे राहायचे.

गर्दी कमी झाल्यावर मी म्हणालो, "भिकन, तो सात नंबरचा हार..."

"तू बांधा व्हता. गाठ देखी मी. हॉस्टेलमा कपडासनी दोरीले तू अशीच गाठ देत व्हता."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"हार बांधा त्यामा काय चूक व्हती? देव मानीसन बांधा तू." त्याने पुढच्या गाडीला हात केला. "चूक तं वहीमा व्हती, आनि मन्ही मी लिखी. तुन्ही तू लिख म्हनं, तं तू वही कपाटमा ठेवी दिन्ही."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "पाव्हण्याला असं बोलतात का?"

"पाव्हना कसाना? आपला मोती शे," भिकन म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. "आते लिख ना. नही तं पेन्शनमा लिख, टाइमच टाइम राहीन."

पेन्शन घेऊन मला आता बरीच वर्षं झाली. भिकन शिंदखेड्यालाच आहे. काटे आता आकड्यांचे आले, त्यांना बोट लावून काही कळत नाही. त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. प्रमिलाबाई त्याला पेपर वाचून दाखवतात. हे छापून आलं की हेही वाचून दाखवतील.

सात नंबर, खंडेनवमी ते तिसरा दिवस, १९८८. या काळातल्या माझ्या सगळ्या नोंदी खोट्या समजाव्यात. मी काटा वाचला, पाहिला नाही. केबलला हार मी बांधला होता. मोतीलाल, देवपूर, धुळे.