मनाची जागा

शेजारी भाड्याने राहणारी वेरा रशियाहून मराठी शिकायला आली आहे. काल गॅलरीत ती मला त्यांच्याकडचे शब्द सांगत होती. ‘उम’ म्हणजे बुद्धी, असं म्हणत तिने कपाळाला बोट लावलं. ‘दुशा’ म्हणजे आत्मा, आणि हात छातीवर ठेवला.

“मग मन कुठे असतं, काकू?”

मी हात उचलला, पण तो कुठे न्यावा तेच कळेना. असले प्रश्न मला सोसत नाहीत, दिवसभर छळतात. मन उडतं, मन खातं, थाऱ्यावर नसतं. पण तो थारा कुठला, हे कुणी सांगितलंय?

ती हसली. “काळजी असली की आम्हीही म्हणतो, दुशा जागेवर नाही.”

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. आईचं उद्या तिकडे ऑपरेशन आहे. भराभरा बोलता बोलता वेराचा आवाज चिरकला. त्या परक्या बोलण्यातला एकच शब्द मला कळला, ‘दुशा’.

मी आत जाऊन भाजी फोडणीला टाकली, लगेच गॅस बंद केला, पुन्हा बाहेर आले. फोन संपला होता, ती तशीच उभी होती. कुठे न्यावा हे न कळलेला माझा हात एव्हाना तिच्या पाठीवर होता.