शेजारणीचं पुस्तक

कल्पना करा, तुमचं पहिलंवहिलं पुस्तक तुमच्यापासून हातभर अंतरावर मांडलंय. मुखपृष्ठावर नाव तुमचं, छपाईचा खर्च तुमचा, रजा टाकून आलेले तुम्ही. आणि तरी दिवसभर त्याच्याबद्दल एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. विकायचं ते शेजारी उभ्या असलेल्या बाईचं पुस्तक. तेही हसतमुखानं. जमेल?

नवनाथला जमत होतं, हेच त्याचं दुखणं होतं.

नवनाथ राहायला रहाटणीला, कामाला चाकणकडच्या एका कारखान्यात, मेंटेनन्सला. डिप्लोमा झालेला. त्याच्या घराण्यात त्याच्याआधी कुणी काही लिहिलं असेल तर रजेचा अर्ज. वडिलांनी जन्म काढला ती फाउंड्री बंद पडली, त्यावर त्यानं ‘गार भट्टी’ नावाची कादंबरी लिहिली आणि प्रकाशकांनी दाद दिली नाही तेव्हा स्वतःच छापली. आता तिचे गठ्ठे दिवाणाच्या पोटात पडून होते. आई म्हणायची, “पाहुण्यांच्या गाद्या ठेवू कुठं? सगळा दिवाण तुझ्या भट्टीनं गिळलाय.”

असे स्वखर्चानं छापणारे पाच जण एकत्र आले. त्यातल्या वयानं मोठ्या, थेरगावच्या अर्जुनरावांनी बारसं केलं, ‘पदरमोड मंडळ’. मंडळाचा नियम एकच, पण कडक. स्टॉलवर आपलं पुस्तक आपण विकायचं नाही. पहिल्याच प्रदर्शनात दोघांनी एकाच गिऱ्हाइकाचे दोन हात धरून ओढले होते, तेव्हापासूनचा हा नियम. सकाळी चिठ्ठ्या उचलायच्या. ज्याचं नाव निघेल त्याचं पुस्तक विकायचं.

खंडेनवमीला महाळुंग्याच्या एका कंपनीनं मंडळाला मांडवात जागा दिली. त्या दिवशी यंत्रांना हार पडतात, कामगार घरच्यांना घेऊन येतात, आपण कुठं राबतो ते दाखवतात. नवनाथच्या चिठ्ठीत स्वरूपा निघाली आणि स्वरूपाच्या चिठ्ठीत नवनाथ.

“कुठं फेडाल हे पाप, अर्जुनराव?” नवनाथ हसत म्हणाला. हसू ओठांवरच राहिलं.

स्वरूपा एका ड्रॉइंग ऑफिसात कामाला. मंडळात ती त्याच्या मागून आली. छापखाना त्यानं दाखवला, पानं त्यानं लावून दिली, मुद्रितं त्यानं तपासली. आणि तिच्या ‘डब्याला उशीर’ या कथांची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिनं पहिला पेढा भरवला तोही त्यालाच. तो पेढा अजून त्याच्या घशाखाली उतरला नव्हता.

त्यात आज कळलं होतं की दिवाळीच्या मिठाईबरोबर कंपनी प्रत्येक कामगाराला एक पुस्तक देणार आहे. मंडळातलं कुठलं तरी एकच, आणि ते आजच ठरणार. नवनाथच्या डोळ्यांपुढं दिवाण रिकामा झाला. भट्टीची गोष्ट कारखान्यात राबणाऱ्यांच्या घरात पोचणार होती. वडिलांना सांगण्याजोगं पहिल्यांदा काही तरी घडणार होतं.

पण ‘गार भट्टी’ होती स्वरूपाच्या हातात. आणि ती गिऱ्हाइकाला सांगत होती, “जरा जड आहे हं, काका. सावकाश वाचावी लागते.”

काकांनी पुस्तक अलगद खाली ठेवलं.

नवनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. दारात स्थळ आलंय, आणि ही बया सांगतेय, मुलगा जरा तापट आहे! इकडं तो मात्र तिच्या गोष्टी हातोहात खपवत होता. त्याची जीभच तशी होती. बंद यंत्रापुढं चिडलेल्या सुपरवायझरला गप्प करणारी.

एवढ्यात पर्सोनेलच्या विजयश्री मॅडम आल्या. नेमक्या त्याच्याच पुढ्यात थांबल्या.

“मला वाचायला सवड नाही. तुम्ही हे एवढं विकताय, तर यातलं थोडं वाचून दाखवा. माणसं ऐकतील, मी त्यांची तोंडं बघेन.”

नवनाथनं पुस्तक उचललं. मुद्रितं त्यानंच तपासलेली, त्यामुळे पडेल गोष्ट कुठली ते त्याला पाठ होतं. बायको चालवते ते यंत्र बघायला नवरा पहिल्यांदा कारखान्यात येतो, एवढीच ती. ना भांडण, ना रडारड. ‘ही काढून टाक, यात काही घडतच नाही,’ असं त्यानंच स्वरूपाला बजावलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं. त्यानं नेमकं तेच पान उघडलं. नियम कुठं मोडत होता? पुस्तक तर तिचंच वाचत होता.

तो सपाट आवाजात वाचू लागला. नवरा यंत्राभोवती एक फेरी मारतो. “हे तू चालवतीस?” विचारतो. मग चप्पल काढतो आणि यंत्राला हात लावून नमस्कार करतो.

मांडवात कुजबुज थांबली. ग्राइंडिंगवर काम करणाऱ्या सोजरबाई नवी साडी नेसून, नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

“ऐकताय न्हवं?”

“ऐकतोय की. मी बी काढली व्हती चप्पल.”

“काढली, पर मी सांगितल्यावर!”

मांडव हसला. मग कुणीतरी म्हणालं, “पुढं वाचा राव, थांबू नका.” नवनाथचा आवाज सपाट राहीना. संध्याकाळी नवरा बायकोचा डबा स्वतः घासायला घेतो, तिथं तर सोजरबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. गोष्टीत जे घडत नव्हतं ते समोर खुर्च्यांवर घडत होतं, आणि या एका दिवशी, या एका मांडवात ते घडणार हे त्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

विजयश्री मॅडमनी वही काढली. “हेच घेऊ. किती सुंदर निवडलंत हो तुम्ही!”

परतीच्या टेम्पोत नवनाथ आपल्याच गठ्ठ्यांवर बसला होता. समोर स्वरूपा, रिकामी खोकी मांडीवर घेऊन. मोशीच्या अलीकडं टेम्पो गर्दीत अडकला.

“दादा, तू ती गोष्ट काढ म्हणाला होतास ना? मग तीच का वाचलीस?”

“सुचली,” तो म्हणाला. “माझ्या पुस्तकाचं काय झालं?”

“एक गेलं. ते काका परत आले. ‘जड म्हणालीस ना पोरी, मग दे,’ म्हणाले. भट्टीवरच होते म्हणे आधी.”

“एक.”

“पण ते वाचतील, दादा.”

ती हे इतक्या सहज म्हणाली की त्याला आणखीच जळजळलं. हिच्या मनात कधी काळंबेरं येतच नाही का? त्यानं तिला पाडायला पान उघडलं आणि ती उलट वर चढली. एक प्रश्न जिभेवर आला, पण विचारायचा तर आजचं सगळंच सांगावं लागलं असतं. टेम्पो हलला. स्वरूपानं घरंगळणारा गठ्ठा पायानं अडवला. त्याचाच गठ्ठा.

‘स्वरूपा, तुला माझी कादंबरी पाडायची असती, तर तू कुठलं पान वाचलं असतंस?’