नावाची जागा

"मागे बघू नकोस. हात सैल सोड."

मूल पाटीसमोर बसले की आजी त्याच्या पाठीमागे बसत. उजव्या खांद्यावरून त्यांचा हात पुढे येई, काडी धरलेल्या इवल्या मुठीवर त्यांची मूठ बसे, आणि ही दोन वाक्ये कानाशी येत. मग हात चालू लागे. तो आपण चालवत नाही हे कळे, पण चालवणारे माणूस दिसत नसे. त्यामुळे आजींचा चेहरा मला लहानपणचा फारसा आठवत नाही. हात आठवतो. बोटे थंड असत, उन्हाळ्यातसुद्धा.

तुमच्यापैकी पुष्कळांनी घरीच अक्षरे गिरवली असतील आणि असे एखादे माणूस तुम्हीही पाहिले असेल. मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच. सगळे नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. तरी सांगून पाहतो.

कल्याणात शेणाळे तळ्याच्या अलीकडच्या आळीत, पुतण्याच्या घराच्या मागल्या पडवीत त्या राहत. अंगावर विधवेचे तांबडे आलवण, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. आळीतली पोरे त्यांना धूळआजी म्हणत. मुलीला शाळेत धाडायचे नाही, पण पोथीपुरते वाचता यावे, असे वाटणारी तीन-चार घरे मुली त्यांच्याकडे पाठवत. त्या मुलींत मी एकटा मुलगा. माझे वडील बंदरावर मापारी. पडावांतून उतरणारे भात मापून द्यायचे. तोंडी हिशेब पक्का, पण अक्षराला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पुतण्याच्या घरी भात पोचवायला गेले असताना त्यांनीच आजींना भीत भीत विचारले.

"पोराला सकाळी पाठव," आजी म्हणाल्या. "माझ्या अंघोळीआधी."

हात धरायचा म्हणजे शिवाशीव आलीच. म्हणून आमचा धडा उजाडता उजाडता होई आणि तो संपला की आजी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेत. एकदा मी ओशाळून उभा राहिलो, तेव्हा भिजलेल्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "विटाळ माझा मी धुते. तू अक्षर तेवढं सांभाळ."

पाटी म्हणजे फणसाच्या लाकडाची फळी. तिच्यावर खाडीकाठची माती, वस्त्रगाळ केलेली, पिठासारखी पसरलेली. काडीने लिहायचे आणि भरले की आजी फळीच्या कडेला नखाने टिचकी मारत. धूळ थरथरून सपाट होई, अक्षरे बुडून जात.

त्या पाटीला एक खोड होती. ओळीच्या मध्यावर काडी अडखळे. कितीही जपून जा, तिथे खडखड होई. आजी हात वर उचलत, चार बोटे पुढे नेत आणि पुन्हा टेकवत.

"तिथे लिहायचं नाही. ती नावाची जागा."

आजींचा हा एकच नियम होता. सगळे लिहायचे, पण कोणाचे नाव लिहायचे नाही. त्यांचा पत्राचा कित्ता आम्ही शेकडो वेळा गिरवला असेल. 'तीर्थरूप', मग चार बोटे मोकळी जागा, मग 'यांचे चरणी बालकाचे साष्टांग नमस्कार'. मुली विचारत, "आजी, नाव लिहिलं तर काय होतं?"

"अक्षराचा काही दोष नाही गं," त्या म्हणत. "दोष नावाचा."

घरी मी आईला विचारले, तर तिने आधी दाराकडे पाहिले. "त्या बाईनं लहानपणी कुणाचं तरी नाव लिवलं, आन ते माणूस गेलं म्हणतात. तू तिला विचारू नको. आन तूबी लिवू नको."

याचा परिणाम काय झाला तो सांगायला हवा. ठाण्याच्या शाळेत मला घातले तेव्हा मास्तरांनी चार ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिल्या. त्यांनी कागद खिडकीशी नेऊन पाहिला, दुसऱ्या मास्तरांना दाखवला. "वा! आता खाली नाव घाल." माझा हात थांबला. मला माझे नाव लिहिता येत नव्हते! अक्षरे येत होती, पण ती एकत्र आणायला बोटे धजेनात. शेवटी जे उमटले त्याकडे पाहून मास्तर म्हणाले, "हे काय, वर माणसानं लिहिलं नि खाली कोंबडीनं?" आजही माझी सही तशीच आहे.

मुंबईला कॉलेजात गेल्यावर घरी पहिले पत्र धाडले, त्यातही सवयीने ती जागा मोकळीच राहिली. शेजारचा वाण्याचा मुलगा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "काका, हा नमस्कार कुणाला आहे तेच कळत नाही." वडिलांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मधी दात पडल्यावानी दिसतंय न्हवं? मंग आमचाच हाय."

पण हसण्यासारखे सगळेच नव्हते. आमच्याबरोबर गंगी नावाची मुलगी शिकत असे. तोंडाने फटकळ, हाताने चलाख. तिच्या घरी भाऊ झाला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आजी यायच्या आत, तिने पाटी ओढली आणि त्या मोकळ्या जागी बाळाचे नाव लिहिले. आजी पडवीत आल्या तेव्हा ती टाळ्या पिटत होती. "आजी, बघा! आमच्या बाळाचं नाव! मला आलं!"

आजी रागावल्या नाहीत. उंबऱ्यावरच उभ्या राहून त्यांनी विचारले, "मोठ्यानं वाचलंस?"

"दोनदा."

त्यांनी टिचकी मारली नाही. आम्हांला घरी पाठवले.

दुपारी बाळाला ताप भरला. उतरेना. दिवस कलता कलता आम्ही पाहिले, तर विहिरीपलीकडे कधी न जाणाऱ्या आजी भर रस्त्याने खाडीकडे चालल्या होत्या. हातात आलवणाच्या फडक्याची पुरचुंडी. समोरून येणारी माणसे अपशकुन म्हणून बाजूच्या बोळात शिरत होती; त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. मी लांबून मागे गेलो. पाण्याच्या कडेला बसून त्यांनी फडके सोडले. पाटीवरची सगळी धूळ ओहोटीत सोडली, आणि पाण्याला म्हणाल्या, "लहान आहे ती. तिला ठाऊक नव्हतं."

कोणाशी बोलावे तशा बोलल्या. उत्तराची वाट पाहिली. मग मान हलवून उठल्या.

दिवेलागणीला बाळाचा ताप उतरला. वैद्यबुवा म्हणाले, काढा लागू पडला. गंगी म्हणाली, "आमचा बाळ आजींनी धुऊन आणला." तो बाळ आता आळीत विटीदांडू खेळून कौले फोडतो. गंगी आंबिवलीला सासरी आहे. नवऱ्याचे नाव तसेही घ्यायचे नसते, म्हणून पत्रात ती रिकामी जागा तिला फार सोयीची पडते, असे तिनेच मला सांगितले.

आजी मात्र म्हाताऱ्या होत गेल्या, आणि मग म्हाताऱ्या होणेही थांबले. त्यांच्या बरोबरीचे कोणी उरले नाही. वय विचारले तर म्हणत, "पेशवाई बुडाली तेव्हा माझ्या हाती चूल होती." दृष्टी गेली, दात गेले, मुली येईनाशा झाल्या. मी सुट्टीत भेटायला जाई तेव्हा हसून म्हणत, "चित्रगुप्त हाक मारायला बसलाय रे. पण मारणार काय? नावच ठाऊक नाही कुणाला."

ते खरे होते. पुतण्याच्या घरात त्या काकू, आळीत आजी. मी एकदा पुतण्याच्या बायकोला विचारले. ती भाजी चिरता चिरता थांबली. "अगंबाई! खरंच की. आमच्या मामंजींनाही ठाऊक नसावं."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पोचलो तेव्हा वडील म्हणाले, "म्हातारीनं तीनदा सांगावा धाडला. जाऊन ये."

सकाळी गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर पाटी, तिच्यावर ताजी, चाळलेली धूळ.

"आलास? अंघोळ नाही केली अजून. बस."

मी बसलो.

"तू कॉलेजात काय शिकतोस?"

मी थोडे सांगितले. उष्णता, प्रकाश, पदार्थांचे गुणधर्म.

"मग नाव लिहिल्यानं माणूस मरतं, असं तिथे शिकवतात का?"

"नाही, आजी."

"तुझा विश्वास आहे?"

"नाही."

"छान. मग माझं नाव लिही."

त्या अंधारलेल्या डोळ्यांनी बरोबर माझ्याकडे पाहत होत्या. "विश्वास नाही ना? मग पाय कशाला हलवतोस? पाटी हलते आहे."

मग त्यांनी मला सांगितले, आणि इतके सलग त्या माझ्याशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. "लग्नात ताटातल्या तांदळांत त्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. मी नऊ वर्षांची, ते चौदाचे. अक्षर वाकडं होतं त्यांचं. मला वडिलांनी धुळीवर शिकवलेलं, माझं सुरेख. मला वाटलं, त्यांनी आपलं लिहिलं, आपणही त्यांचं लिहावं. तोंडानं घ्यायचं नव्हतं, म्हणून धुळीत लिहिलं. सासूबाईंनी पाहिलं. त्याच महिन्यात पटकी आली आणि ते गेले."

"आजी, पटकीनं तर किती माणसं—"

"तेवढं मलाही कळतं रे. कळून उपयोग होतो का?" त्यांनी पाटीच्या कडेवरून बोट फिरवले. "त्यांच्यामागून जावं म्हणून मी माझं नाव लिहून पाहिलं. पुष्कळ वेळा. आपल्या हातानं लागू पडत नाही. धुळीत दुसऱ्याचा हात हवा. इतकी मुलं माझ्या हाताखालून गेली, पण लहान मुलाला हे कसं सांगायचं? तू आता मोठा झालास. मला कंटाळा आलाय, बाळ. मला कुणीतरी हाक मारायला हवी."

मी नाही म्हटले असते तर काय झाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विश्वास नाही म्हणून लिहायला हरकत नव्हती. आणि नाही म्हणावे, तर विश्वास आहे असे कबूल करावे लागले असते. खरे म्हणजे त्या वेळी मी काहीच ठरवले नाही. काडी हातात घेतली. पाठीमागे आलवणाची सळसळ झाली. खांद्यावरून हात आला. सुकलेल्या वालाच्या शेंगेइतका हलका, आणि तसाच थंड.

"मागे बघू नकोस. हात सैल सोड."

काडी ओळीच्या मध्यावर टेकली, बरोबर त्या मोकळ्या जागी. ती अडखळेल म्हणून मी वाट पाहत होतो. अडखळली नाही. आयुष्यात प्रथमच तिथून ती गुळगुळीत गेली, जणू वाट माहीत असल्यासारखी. तीन अक्षरे उमटली. मी ती वाचली. नाव फार साधे होते.

"दिसतंय का चांगलं?" त्यांनी कानाशी विचारले.

"फार सुरेख दिसतंय, आजी."

"टिचकी मारू नकोस," त्या म्हणाल्या. "राहू दे."

चौथ्या दिवशी सकाळी त्या विहिरीवर आल्या नाहीत. पुतण्याच्या बायकोने पडवीत जाऊन पाहिले, तर झोपेतच गेल्या होत्या. वैद्यबुवा म्हणाले, वय झाले होते. नगरपालिकेचा कारकून नाव विचारायला आला तेव्हा पुतण्याने डोके खाजवून 'काकू' असेच सांगितले. मी तिथेच उभा होतो. मी बोललो नाही.

तेरावा झाल्यावर पुतण्याच्या बायकोने पाटी माझ्या हातात दिली. "तुमची तुम्ही घेऊन जा हो. चुलीत घालायला धीर होत नाही."

मी ती आडवी धरून, धूळ न सांडता, खाडीवर नेली. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. आजी बसल्या होत्या त्याच जागी बसलो आणि पाटी तिरकी केली. धूळ पाण्यात गेली. खालचे लाकूड उघडे पडले.

मध्यावर, चार बोटांच्या जागेत, तीच तीन अक्षरे होती. ती खोल होती. काडी फिरून फिरून फणसाच्या लाकडात खोबण पडली होती आणि तिच्या कडा जुन्या होऊन काळ्या झाल्या होत्या. मी जन्मायच्या कितीतरी आधीच्या. आम्ही सगळी मुले वर्षानुवर्षे त्या नावावर धूळ पसरून लिहीत होतो, आणि ते आले की आजी आमचा हात उचलून धरत होत्या.

मी पाटी पाण्यात सोडली. कोणी वाचू नये म्हणून पालथी सोडली. थोडे पुढे जाऊन ती आपोआप उताणी झाली आणि ओहोटीबरोबर हळूहळू निघाली.

तुम्ही विचाराल, नाव काय होते. ते मी इथे लिहिलेले नाही. माझा विश्वास नाही, हे पुन्हा सांगतो. तरी वर जिथे जिथे ते यायला हवे होते, तिथे माझा हात उचलला गेला.

मात्र नाव लिहून झाले तरी हाक मारण्याचे राहून गेले होते, आणि त्यांना हाकच हवी होती. पाटी नजरेआड व्हायच्या आत मी एकदा, बेताच्या आवाजात, त्या नावाने हाक मारली. काठावर दूरवर कोणी नव्हते.

माझ्या उजव्या खांद्यामागून, अगदी कानाशी, कोणीतरी लहान मुलीच्या आवाजात ओ दिली.

मी मागे पाहिले नाही. हात सैल सोडला.