टॅब्लेट तिसऱ्या मजल्यावर गेला

मंडळी, निवृत्तीनंतर धडपडून कॉम्प्युटर शिकलेला मी टॅब्लेटला खेळणंच समजायचो. आज मत बदललं.

मुलुंडची आमची इमारत नव्याने बांधायचीय. बिल्डरला द्यायच्या मागण्या मी टाइप करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतआजी गुडघ्यांमुळे मीटिंगला येत नाहीत. छापील कागदावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून न वाचताच सही करायच्या. आज सुनेचा टॅब्लेट घेऊन वर गेलो.

आजींनी दोन बोटांनी अक्षरं मोठी केली, सगळं वाचलं.

"काय रे नाना, नव्या लिफ्टमध्ये टेकायला फळी कुठे लिहिलीयस?"

तिथल्या तिथे लिहिली.

"आत्ता कसं! आण, करते सही."

मोठे तक्ते करायला अजून कॉम्प्युटरच बरा. पण तो काही जिना चढला नसता. तुमच्याही सोसायटीत असं कुणी वर राहून गेलंय का?