वस्तीच्या बोअरमधलं मीठ

"सर्व दिशांना खडक सारखाच आहे असे मानू." हे वाक्य कुठल्याही पुस्तकात दिसलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मानू म्हणे! मानणारे तुम्ही कोण?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपुरात, भूजलाचं काम पाहणाऱ्या एका कचेरीत कनिष्ठ भूवैज्ञानिक होतो. आमच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात माती खरवडली की खाली करडा, घट्ट खडक. त्याच्या पोटात पाणी नसतं. असतं ते भेगांत. भेग सापडली तर बोअर लागली, नाही तर दोनशे फूट नुसती धूळ. तेव्हा एक नवं तंत्र आलं होतं. बोअरमध्ये रबरी बूच अडकवायचं आणि ट्रकवरच्या पंपानं खाली जबर दाबानं पाणी कोंबायचं. बुजलेल्या भेगा फाकतात, पाण्याला वाट होते. मग ते पाणी कुठून आणि किती येईल याचं गणित मांडायचं, ते माझं काम. त्या गणिताला आम्ही ऐटीत 'मॉडेल' म्हणायचो. मोठ्या साहेबांचं मॉडेल गोल होतं: बोअरभोवती एक वर्तुळ, आणि त्यात सगळीकडून सारखं पाणी. भेग एकाच बाजूला लांबवर पळते, याचा त्यात पत्ताच नव्हता.

वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात मला पाठवलं. गावाची बोअर पंचायतीजवळ, आणि दोनशे पावलांवर बौद्ध वस्तीची हातपंपाची बोअर. हातपंपाला तिकडं बोरिंगच म्हणतात. गावच्या बोअरला दाब दिला त्या दिवशी मी ट्रकपाशी दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून होतो. काटा चढत चढत गेला आणि धपकन पडला. खाली भेग फाकली होती. तेवढ्यात वस्तीतून एक बाई धावत आली. हातपंप दुरुस्त करायचं शिक्षण घेतलेली, वस्तीचा पंप तीच सांभाळायची.

"साहेब, तुमी इथी काय करून राह्यले? आमची बोरिंग तिथी उलटी करून राह्यली!"

जाऊन पाहिलं तर कुणी दांडा न हलवता पंपाच्या तोंडातून गढूळ पाणी भडाभडा येत होतं. म्हणजे दोन्ही बोअर एकाच भेगेनं जोडल्या गेल्या होत्या. याहून सरळ पुरावा काय हवा?

मी अहवालात लिहिलं, गावच्या बोअरवर मोटर बसवू नये, वस्तीचं पाणी ओढलं जाईल. मोठ्या साहेबांनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली. "वस्ती वर्तुळाच्या बाहेर आहे. मॉडेलमध्ये बसत नाही." मी म्हटलं, साहेब, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते हसून म्हणाले, "तुमच्या माणसांचा पुळका आलेला दिसतो." हो, माझीच माणसं होती. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली हे कचेरीत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या काट्याला कुठली जात होती?

मोटर बसली. महिन्याभरात वस्तीचा पंप सकाळी चार घागरी देऊन नुसती हवा ओढायला लागला. बायका नाल्यात झरे उकरू लागल्या. मी दोनदा लिहिलं, दोनदा कागद परत आला. शेवटी मी हट्टाला पेटलो. गणितानं पटत नाही ना, मग चाचणीनं पटवतो. वस्तीच्या बोअरमध्ये मीठ घालायचं आणि गावच्या बोअरच्या पाण्यात खारेपणा चढतो का, ते यंत्रानं मोजायचं. पुस्तकातली साधी चाचणी.

बाई पान्यानं पंप उघडता उघडता थांबली. "भाऊ, आपल्या बोरिंगातलं त्याईच्या पाण्यात गेलं, हे त्यायले सांगान काय?"

"सांगायचंच तर आहे! त्यासाठीच चाललंय सगळं."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अर्धं पोतं मीठ ओतायला हात लावला. ज्या गावात तिनं जन्म काढला ते गाव तिला कळत होतं. मला खडक कळत होता, आणि त्याचाच केवढा दिमाख!

दुपारपर्यंत गावच्या पाण्याचा आकडा सरसर चढला. मी आनंदानं अक्षरशः नाचलो. आज चहा खारट काऊन लागते, असं विचारत सरपंच आला. मी धुळीत काडीनं भेग काढून त्याला सगळं समजावून दिलं. किती हुशारीनं समजावलं! त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे इतके दिवस आमी त्याईच्या बोरिंगचं पाणी पिऊन राह्यलो?"

आठवड्याभरात गावाचा अर्ज कचेरीत आला: वस्तीचं पाणी आमच्या पाण्यात मिसळतं. आणि इतके महिने ज्यांच्या गळी ती भेग उतरत नव्हती, त्या मोठ्या साहेबांना ती एका दिवसात पटली. दाबानं पाणी तिकडं जातं हे खोटं, गावच्या मोटरीमुळं वस्तीचा पंप कोरडा पडतो हे खोटं. पण विटाळ जातो म्हटल्याबरोबर ते वर्तुळ कुठल्या कुठं गेलं! त्यांनी अर्जावरच्या आपल्या शेऱ्याला माझेच आकडे जोडले. दोन्ही बोअर जोडलेल्या असल्याचं सिद्ध झालं आहे, सबब गावाच्या पाण्याच्या शुद्धतेसाठी वस्तीची बोअर बंद करावी. आकड्यांखाली माझी सही होती. गावच्या मोटरीला कुणी हात लावला नाही. त्याच भेगेतलं तेच पाणी गाव पीत राहिलं.

वस्तीचा पंप उपटून नेला. वस्तीनं गावच्या टाकीवरून पाणी घ्यावं असं ठरलं. म्हणजे तोटी गावातल्या कुणीतरी सोडायची, आणि तोवर वस्तीतल्या बायांनी बाजूला उभं राहायचं. मी भांडलो, वर लिहिलं, आणि उद्धटपणाबद्दल नोटीस घेऊन बसलो. त्या संतापातला अर्धा साहेबांवर आणि गावावर होता. उरलेला माझ्या स्वतःवर होता, आणि तो अजून विझलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी यंत्र घेऊन पुन्हा तिथं गेलो. नवा पुरावा गोळा करून थेट वरच्या कचेरीत धडकायचं मनात होतं. बाई टाकीपासून दहा हातांवर उन्हात उभी होती, घागरी जमिनीवर ठेवून. मी यंत्र बाहेर काढलं आणि म्हटलं, "बाई, या वेळी मी सगळं नीट मोजतो."

तिनं तोटीवरची नजर काढली नाही.

"आता काई मोजू नका, भाऊ."