खानाकडून परतलेला साधू

शशिकांत त्रिभुवन जालन्याचा. आखातातल्या हमद पोर्टवर जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळयांनी आवळून बांधायचं काम तो नऊ वर्षं करतो आहे. दर शुक्रवारी चर्चच्या आवारात मराठी सभा भरते. तिथे पंधरा मिनिटं बोलायची पाळी वर्षातून एकदा येते. या वर्षी त्याने तेराव्या शतकातला एक साधू निवडला. फ्रान्सच्या बाजूचा, अनवाणी, तिथल्या राजाचं पत्र घेऊन मंगोल खानाला येशूबद्दल सांगायला निघालेला.

त्या साधूचं प्रवासवर्णन शशिकांतने कंपनीच्या बसमध्ये, फोनवर वाचलं. इंग्रजी बेताचं. एका पानाला दोन खेपा लागत. अकरा महिन्यांनी शेवट आला, तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेर सपाट वाळू होती. पाहण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच त्याने पाहिलं.

बुधवारी त्याने सभा चालवणाऱ्या अवधूत सरांना फोन केला. सर शहरात, अल सद्दला राहतात, गॅस कंपनीत इंजिनियर आहेत.

"म्हणजे खान ख्रिस्ती झालाच नाही?"

"नाही सर. साधूनं सहा जणांना बाप्तिस्मा दिला. त्यातली तीन तर एका गरीब जर्मनाची लेकरं."

"अरे, लोक आठवडाभर राबून येतात. त्यांना हरलेला माणूस कशाला दाखवतोस? खानाचं मन पाघळलं, एवढं म्हण. कोण तपासायला जातंय?"

"मी वाचलंय ना, सर."

"मग स्तोत्र वाच. ते सेफ आहे."

"बोललो तर जसं आहे तसं. नाहीतर खलास, नाव काढा माझं."

सरांनी नाव काढलं नाही. ऐनवेळी दुसरं कुणी तयार नव्हतं.

शुक्रवारी तो बोलला. आवाज कोरडा. थंडीने साधूच्या पायांची बोटं गोठली, ते सांगितलं. खानाच्या हुकमावरून धर्मांचा वाद झाला, साधूचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही, तरी 'मला पटलं' असं एकही माणूस म्हणाला नाही, आणि मग सगळे प्यायला बसले, तेही सांगितलं. मागे दोघं हसले. आकडा सांगायची वेळ आली. पहिल्या रांगेत अवधूत सर चष्मा पुसत होते.

"सहा," शशिकांत म्हणाला. "दोन वर्षांत सहा." आणि खाली बसला.

कुणी आमेन म्हटलं नाही. केसरबाई, एका घरी मुलं सांभाळणारी बाई, तेवढी बोलली.

"मंग धाडणाऱ्या राजाला त्यानं काय सांगितलं, भाऊ? एवढंच?"

"एवढंच. लिहून कळवलं. झाकलं नाही."

"लई अवघड काम," ती म्हणाली.

दाराशी सरांनी गाठलं. "पुढच्या वर्षी आधी मला लिहून दाखवायचं."

"दाखवतो. पण तेव्हाही सहाच असतील."

सरांनी पाळ्यांची यादी घडी करून खिशात घातली. "बघू."

"इन्शाल्ला," शशिकांत म्हणाला आणि बस गाठायला निघाला.